देणेकरी मीच आहे

कर्ज फेडायचे दोन रस्ते असतात, एक तोंडी आणि एक कागदी. तोंडी घेतलेलं कर्ज कागदी रस्त्यानं फेडायला निघालेला आमच्या शुक्रवार पेठेतला पहिला माणूस मी. पहिला असल्याचा त्या वेळी मला फार अभिमान होता. सध्या तो कमी आहे.

रक्कम ऐंशी रुपये. दरबारच्या कचेरीत मला पगार महिना बावीस. आमच्यासारख्या नांगराच्या घरातल्या माणसांना दरबारनं कचेरीत घ्यायला सुरुवात केली, त्यात माझा नंबर लागला होता. आमच्या सात पिढ्यांत टाक धरणारा मी पहिलाच, त्यामुळे अब्रूची सवय नव्हती आणि नवी अब्रू मी नव्या पगडीसारखी दोन्ही हातांनी सांभाळत होतो. बावीसातून ऐंशी कसे निघतील याचा हिशेब वाचकांनी करू नये. आमची बायको बाळाबाई तो न विचारताही करून दाखवायची.

प्लेगच्या साली सगळी पेठ गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली होती. आमची मुलगी तापानं फणफणलेली, पगार अडकलेला. शेजारच्या झोपडीत फक्रुद्दीन होता. आमच्या घरापासून चौथं घर त्याचं, धंदा घोड्यांची खोगिरं शिवायचा. एका संध्याकाळी त्याची बायको लालबी आली आणि बाळाबाईच्या पदरात ऐंशी रुपये टाकून गेली. कागद नाही, साक्षीदार नाही, व्याज नाही. मी दुसऱ्या दिवशी कधी परत करू म्हणून विचारलं, तर फक्रुद्दीन म्हणाला, "हुतील तवा द्या." मुलगी बरी झाली, प्लेग गेला, पेठ परत घरी आली, दोन वर्षं उलटली, आणि 'हुतील तवा' काही येईना.

हे शब्द ऐकायला फार गोड असतात, पण त्यांच्यासारखी जाचक मुदत नाही. कागदावर तारीख असली म्हणजे त्या तारखेला तोंड चुकवलं की काम भागतं. ज्या कर्जाला तारीख नाही ते रोज सकाळी वसुलीला येतं. मी कचेरीला निघालो की समोरून फक्रुद्दीन यायचा आणि माझी मान खाली जायची.

फक्रुद्दीनच्या हे लक्षात आलं. माणूस इतका भला की मला लाजायला लागू नये म्हणून तोच मला चुकवायला लागला. मी दिसलो की तो अत्तराच्या दुकानात शिरायचा. दुकान बंद असेल तर भिंतीकडे तोंड करून जोड्यातला खडा काढत बसायचा. एकदा तर गवळ्याच्या म्हशीआड उभा राहिला आणि म्हैस चालायला लागल्यावर तिच्याबरोबर थेट वेशीपर्यंत गेला.

आता हे सगळं आमच्या गल्लीत घडत होतं आणि गल्लीच्या तोंडाशी हंबीररावांचा कट्टा होता. हंबीरराव दरबारच्या पागेतून पेन्शन घेऊन बसले होते. घोड्याचं वय दात बघून सांगायची त्यांना सवय, त्यामुळे माणसाकडे नुसतं बघूनही आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं. त्यांनी महिनाभर बघितलं, की फक्रुद्दीन मला बघून पळतो. जगात कोण कुणाला बघून पळतो हे त्यांना ठाऊक होतं.

"गणपतराव," एक दिवस ते मला थांबवून म्हणाले, "फक्रुद्दीनकडं तुमचं किती हायती?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. दोनच वाक्यं लागली असती. पण कट्ट्यावर आणखी चौघं बसले होते आणि चौघांच्या नजरेत माझ्याबद्दल जो आदर होता तो मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. मी खाकरलो आणि म्हणालो, "जाऊ द्या हो, हंबीरराव. माणूस चांगला आहे."

यात खोटं काय होतं? माणूस चांगलाच होता. हे वाक्य मी पुढं चार महिने स्वतःला ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून माझे दिवस पालटले. कट्ट्यावर मला सरकून जागा मिळू लागली. हंबीरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पैशे अडकल्यात, पर चकार शबुद न्हाई. ह्येला म्हंत्यात दर्या दिल." आठवड्याभरात गल्लीच्या टोकाचा बाळासो घरी आला. म्हशीच्या औषधासाठी पाच रुपये उसने हवे होते. मी दर्या दिलाचा माणूस, नाही कसं म्हणणार. बाळाबाई दूध विकून पैसे साठवायची. त्या डब्यातले दोन रुपये मी बाळासोला दिले. कर्ज डोक्यावर असताना सावकारी सुरू करणारा मनुष्य मी माझ्याशिवाय पाहिलेला नाही.

बाळाबाईनं डबा वाजवून बघितला आणि मला समोर बसवलं. "तुमी आदी फक्रुद्दीनभावजींकडं जावा. म्हैन्याला तीन रुपये देतो म्हना, मग दोन वर्सं लागू देत न्हाईतर तीन. मानूस हाय त्यो, वाघ न्हाई."

सल्ला बरोबर होता. फक्त त्यात मला फक्रुद्दीनसमोर उभं राहावं लागणार होतं. एका माणसाचं देणं लागणं आणि ते तोंडावर कबूल करणं मला जमेना. त्याच सुमारास गंगावेशीजवळ नवी पतपेढी निघाली. मी बाहेरची पाटी वाचली, आत जाऊन नियमांचं पुस्तक चाळलं आणि मन प्रसन्न झालं. पतपेढीत देणं असलेल्या माणसाला देणेकरी म्हणत नव्हते, सभासद म्हणत होते. पतपेढीचं कर्ज काढायचं, फक्रुद्दीनचे ऐंशी एकरकमी टाकायचे आणि पुढं सभासद म्हणून ताठ मानेनं हप्ते भरायचे, असा माझा बेत ठरला.

पतपेढीचे चिटणीस आकाराम हे अंगानं काटकुळे आणि नियमांनी भरलेले गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडून अर्ज भरून घेतला. 'कर्जाचे कारण' या रकान्यात मी सुरेख अक्षरात लिहिलं, पूर्वीचे देणे भागविणे. 'घेणेकऱ्याचे नाव' या रकान्यापाशी जरा थांबलो, मग लिहिलं, फक्रुद्दीन, खोगिरे शिवणारा, शुक्रवार पेठ.

"कागदपत्र?" आकाराम म्हणाले.

"तोंडी आहे."

"तोंडी?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पैसे स्वप्नात घेतले असावेत. "मग मला पेठेत येऊन चौकशी करायला लागंल. नियम हाय."

चौकशी या शब्दानं मी घाबरलो नाही. पेठेत माझं नाव तेव्हा अत्तरासारखं दरवळत होतं. नेमका त्यानंच घात केला. आकाराम रविवारी आले आणि सगळ्यात आधी भेटले हंबीरराव.

"गणपतराव?" हंबीरराव म्हणाले. "सोन्यासारखा मानूस. त्येच्याइतका मोठ्या मनाचा सावकार मी बघिटला न्हाई."

"सावकार?" आकारामांनी वही काढली.

हंबीररावांनी मग मला मदत करायची म्हणून सगळं सांगितलं. फक्रुद्दीनकडे माझे किती रुपये अडकलेत, तरी मी कसा बोलत नाही. आकडा त्यांना माहीत नव्हता, तेव्हा त्यांनी दोनशे धरला. साक्षीला बाळासोला हाक मारली. बाळासोनं मला बरं वाटावं म्हणून दोनाचे पाच रुपये सांगितले.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा असा होता: "चौकशीअंती अर्जदार खासगी सावकारी करतो असे आढळले. कलम चौदाप्रमाणे सावकारास कर्ज देता येत नाही. शिवाय अर्जदाराने स्वतःच्या देणेकरी कुळाचे नाव घेणेकरी म्हणून लिहिले आहे, ही गोष्ट संशयास्पद वाटते." कर्जासाठी पगाराचा दाखला लागत असल्यानं या शेऱ्याची एक नक्कल आमच्या कचेरीतही गेली होती.

शिरस्तेदारांनी मला बोलावून घेतलं. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "गणपतराव, दरबारच्या नोकरानं परवानगीशिवाय सावकारी केली तर काय होतं हे तुम्हीच मागच्या साली एका हुकमात लिहून काढलं होतंत. अक्षर सुंदर होतं. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या."

मी टेबलाशी येऊन बसलो. वीस वर्षं पुरेल अशी नोकरी, आमच्या घराण्यातली पहिली, आणि ती जाणार कशानं, तर मी गरीब नाही असा पुरावा मिळाल्यानं. आता मला वाचवू शकणारा एकच माणूस होता. आपण या कारकुनाला पैसे दिले, घेतले नाहीत, एवढं फक्रुद्दीननं लिहून द्यायला हवं होतं.

कचेरी सुटल्यावर मी तसाच त्याच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. बाहेरच्या पडवीत त्याचं काम चालायचं. तिथं अर्धवट शिवलेली खोगिरं रचून ठेवली होती आणि फक्रुद्दीन रिकाम्या हातांनी बसला होता. मला बघून तो उठला, इकडंतिकडं बघितलं, पण पडवीत म्हैस नव्हती.

"बसा की, गणपतराव," तो म्हणाला.

मी काम का बंद आहे म्हणून विचारलं. उत्तर आतून लालबीनं दिलं. दसऱ्याच्या स्वारीसाठी आठ खोगिरांचं काम मिळालं होतं. खोगिराखाली घालायचा जाड लोकरीचा नमदा, दोरा, पितळी कड्या हे सगळं मल्लाप्पाच्या दुकानातून बारा वर्षं उधारीवर यायचं. काम झालं की पैसे. या खेपेला मल्लाप्पानं हात वर केले होते.

"का?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कट्टा आठवला.

"लोक म्हंत्यात, फक्रुद्दीननं कारकुनाचं दोनशे रुपये बुडवलं," लालबी म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली. "गणपतभाऊ, तुमी कुणाला काय बोललासा का?"

"मी काहीच बोललो नाही," मी म्हणालो.

"त्येच की," ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण अपमान झाल्याचं समाधान तरी मला मिळालं असतं. मी फक्रुद्दीनला म्हणालो, "तुम्हाला हे ठाऊक होतं? मग तुम्ही लोकांना खरं का सांगितलं नाही?"

फक्रुद्दीननं दाभण उचललं, परत ठेवलं. "कसं सांगायचं? तुमची कागदावरची नोकरी. कारकून खोगीरवाल्याचं देनं लागतोय म्हटल्यावर लोक हसलं असतं. माझं काय, म्हटलं, आज बोलतील, उद्या इसरतील." मग रचलेल्या खोगिरांकडे बघून म्हणाला, "पर इसरंनात."

मी कशासाठी आलो होतो ते सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं. तो लगेच म्हणाला, "देतो की. अंगठा करतो, कुठं करायचा सांगा." त्या क्षणी मला शिरस्तेदारांचा धाक उरला नाही. मी म्हणालो, "अंगठा मागाहून. आधी कट्ट्यावर चला."

दोघं मिळून गल्लीतनं चालत गेलो. कट्टा भरलेला होता. नशिबानं मल्लाप्पाही दुकान बंद करून घरी जाताना तिथं टेकला होता. मी उभ्यानंच, खटल्यात कबुलीजबाब देतात तसा, बोललो. "मंडळी, फक्रुद्दीन माझं काही देणं लागत नाहीत. मीच त्यांचं ऐंशी रुपये देणं लागतो. दोन वर्षं झाली. देणेकरी मीच आहे."

माझी अपेक्षा होती की आता तोंडं उतरतील, कोणीतरी छी थू करील. हंबीररावांचे डोळे भरून आले.

"बघिटलासा?" ते मल्लाप्पाला म्हणाले. "आपल्या देनेकऱ्याची अब्रू वाचवायला सोताला कर्जबाजारी म्हनवतोय. असा मानूस ह्या काळात?"

"अहो, खरंच सांगतोय."

"सांगा, सांगा. आमी ऐकतोय," हंबीरराव मायेनं म्हणाले.

मी शपथ घेतली, तशी ते आणखी हेलावले. फक्रुद्दीननं पुढं होऊन "ते म्हंत्यात ते खरं हाय" असं सांगितलं, तर मल्लाप्पा मान हलवून म्हणाला, "तू म्हननारच रे बाबा, तुझ्या फायद्याचं हाय. पुरावा काय? कागद दाखव." कागद कुणाकडेच नव्हता. मी माझ्या चांगुलपणात पुरता अडकलो होतो. जितकं खरं बोलावं तितका मोठा होत होतो, आणि जितका मोठा होत होतो तितका फक्रुद्दीन बुडत होता.

आवाज ऐकून बायका दारांत आल्या होत्या. त्यांतून बाळाबाई पदर खोचून थेट कट्ट्यापर्यंत आली. पुरुषांच्या कट्ट्यासमोर ती कधी उभी राहिलेली नव्हती.

"पुरावा मी हाय," ती म्हणाली. "प्लेगच्या साली पोर मराया टेकली तवा लालबाक्कानं ऐंशी रुपये माज्या ह्या पदरात टाकलं. त्यातनं डाक्टर आला. ह्यांनी दोन वर्सांत त्यातला येक रुपाया फेडला न्हाई. पोळ्याला नवा कोट शिवला. आनि बाळासोला दोन रुपये दिलं त्ये माज्या दुधाचं. बाळासो, हाईस का रं तितं? हिकडं आन."

बाळासोनं कमरेची पिशवी सोडून दोन रुपये तिच्या हातावर ठेवले. हे दोन रुपये निघाल्याबरोबर सगळ्या कट्ट्याचा विश्वास बसला. माझ्या शपथेवर बसला नाही, फक्रुद्दीनच्या शब्दावर बसला नाही, पण नव्या कोटावर आणि दुधाच्या पैशावर तत्काळ बसला. माझ्याभोवतीचा आदर असा उतरला की तो उतरताना मला अंगावरनं जाणवला. कट्ट्यावर माझ्यासाठी सरकलेली माणसं परत जागेवर सरकली.

मल्लाप्पा कट्ट्यावरनं उठला. मग फक्रुद्दीनला म्हणाला, "नमदा उद्या सकाळी ने. बारा वर्साचं गिऱ्हाईक, मी लोकांचं ऐकलो. तप्पु आमचंच, चूक आमचीच." आणि माझ्याकडे बघून, "तुमी मात्र लईच गप्प बसतासा की ओ."

खुलासा मी त्याच रात्री जेवणाआधी लिहिला. खाली फक्रुद्दीनचा अंगठा आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या सह्या. शिरस्तेदारांनी तो वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही सावकार नाही, कर्जबाजारी आहात. अभिनंदन." प्रकरण मिटलं.

राहिली पतपेढी. आता मला ती अब्रूसाठी नको होती. आठ खोगिरं पुरी करायला आणखी चामडं घ्यायचं तर फक्रुद्दीनला रोख लागणार होती, आणि माझ्या महिना तीन रुपयांनी ती दसऱ्याआधी उभी राहिली नसती. मी पुन्हा अर्ज केला. आकाराम म्हणाले, "आता सावकारीची हरकत न्हाई. जामीन दोन आना."

पेठेत मी कर्जबाजारी ठरून चार दिवस झाले होते, त्यामुळे जामीन मिळणं सोपं नव्हतं. एक हंबीरराव तयार झाले. आपल्यामुळे घोटाळा झाला हे त्यांना लागलं होतं. दुसरा कोणी मिळेना. आकारामांनी दिलेल्या मुदतीच्या दिवशी हंबीरराव आणि मी पतपेढीत बसलो असताना फक्रुद्दीन आला. त्यानं पाच रुपये टेबलावर ठेवले. "सभासद हुयाला पाच लागत्यात म्हनं. लालबीनं दिल्यात. दुसरा जामीन मी."

आकारामांनी टाक खाली ठेवला. "तुमी तर घेणेकरी."

"व्हय."

"तुमचंच पैसं फेडायला हे कर्ज काढत्यात, आनि तुमीच जामीन ऱ्हानार?"

"बाकी कोन न्हाई न्हवं?"

आकारामांनी नियमांचं पुस्तक उघडलं. जामीन सज्ञान असावा, होता. नातलग नसावा, नव्हता. सभासद असावा, आत्ताच झाला. जामीन घेणेकरी नसावा असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण असा घेणेकरी जगात असेल हे नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली.

ऐंशी रुपये मी तिथल्या तिथे फक्रुद्दीनच्या हातावर मोजले. त्यानं ते रुमालात बांधले, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आकारामदादा, एक सांगा. ह्यांनी पैसं भरलं न्हाईत तर?"

"तर तुमी भरायचं."

"म्हंजे हे ऐंशी मिळालं खरं, पर ते माझ्यावरच हायती."

"अर्धं हंबीररावांवर," आकाराम म्हणाले.

फक्रुद्दीननं यावर थोडा विचार केला, मान हलवली आणि चामडं आणायला गेला.

खोगिरं दसऱ्याच्या आधी चार दिवस झाली. स्वारीत ती आठही घोड्यांवर होती आणि हंबीररावांनी गर्दीत मला प्रत्येक घोडा बोट करून दाखवला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळीच माझ्या दारात हाक आली. दोन वर्षं स्वतःच्या ऐंशी रुपयांसाठी ज्यानं एक शब्द काढला नव्हता तो पतपेढीच्या तीन रुपयांसाठी भर गल्लीत उभा होता. "गणपतराव, हप्ता काढलासा का? उशीर झाला तर माझ्या गळ्यात येतंय."

मी तीन रुपये घेऊन बाहेर आलो. पतपेढीपर्यंत दोघं बरोबर गेलो. आकारामांनी पैसे घेऊन पावती फाडली आणि माझ्याकडे दिली.

"काय लिवलंय?" फक्रुद्दीननं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. "जामीन हाय मी. मोठ्यानं वाचा."

मी वाचली. सभासद गणपतराव यांजकडून कर्ज ऐंशी रुपयांपैकी हप्ता पहिला, रुपये तीन फक्त, पोचले. पतपेढीत पाचसहा माणसं बसली होती, त्यांनी माना वर करून माझ्याकडे बघितलं. दारापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. त्याच्यासाठी मी ती पुन्हा एकदा, जरा सावकाश, वाचून दाखवली.